व्यापाऱ्याची पहिली बंदूक : परवाना, पारख आणि जबाबदारी

रात्री शटर ओढून दिवसभराची रोकड पिशवीत घालून घरी जाणारा होलसेल दुकानदार, घरातच सोन्याचांदीचे काम करणारा कारागीर, गावाबाहेर शेडमध्ये माल ठेवणारा भंगारवाला किंवा कातड्याचा व्यापारी, हायवेवर पेट्रोल पंप चालविणारा मालक, अशा मंडळींच्या मनात केव्हा ना केव्हा एक विचार येतो. आपल्यापाशी एक परवान्याची बंदूक असावी काय? शेजारच्या दुकानात चोरी झाली की हा विचार बळावतो, आणि महिन्याभराने पुन्हा मागे पडतो. ज्यांच्या मनातून तो जात नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक हिशेब मांडू. चोर बहुतेक वेळा मालक नसताना येतो. तेव्हा बंदूक कपाटात असते आणि मालक झोपलेला असतो. मजबूत शटर, मधले कुलूप, भिंतीत बसविलेली तिजोरी, कॅमेरा, रात्रभर जळणारा दिवा आणि रोकड रोजच्या रोज बँकेत भरण्याची सवय, एवढे केल्यावर किती धोका शिल्लक राहतो तो बघा. ज्याचे घर वस्तीपासून लांब आहे, पोलीस यायला तास लागतो, किंवा ज्याच्यावर पूर्वी एकदा हल्ला झालेला आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. भर बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र बंदुकीच्या पैशात आधी चांगली तिजोरी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परवाना कोण देतो आणि कोणाला देतो

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क नाही. सर्व कारभार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी चालतो. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात. इतरत्र जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्जदाराचे वय २१ वर्षांच्या वर असावे लागते. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसावर शिक्षा भोगून झाल्यावरही पाच वर्षे बंदी असते.

आपल्या बऱ्याच बांधवांची समजूत अशी की, "आपल्याला कोण परवाना देणार? अर्ज करून उगीच पोलिसांच्या नजरेत कशाला यायचे?" अर्ज न करण्याचे हे कारण आम्हाला पटत नाही. कायद्याचे शब्द वाचून पाहा. २०१६ च्या नियमांत असे सांगितले आहे की, ज्याला आपल्या धंद्याच्या किंवा पेशाच्या स्वरूपामुळे जीविताचे अथवा मालमत्तेचे संरक्षण करण्याची खरी गरज आहे, त्याच्या अर्जाचा विचार करता येतो. म्हणजे व्यापारी या कलमात नेमका बसतो. दुसरी गोष्ट कारागिरांनी ध्यानात घ्यावी. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे अधिनियमाच्या कलम १४ मध्ये लिहिलेले आहे. परवाना नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास ती थोडक्यात कळवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येईल असे अधिकाऱ्याला वाटले तरच ती रोखता येतात. नकाराविरुद्ध कलम १८ प्रमाणे अपील आहे. तोंडी "होणार नाही" ऐकून परत येणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. लेखी नकार हातात असलेल्याला अपिलाची वाट असते.

अर्ज भक्कम कागदांवर उभा राहतो. दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंदणी, आयकराची विवरणे, रोखीची उलाढाल दाखविणारे बँकेचे उतारे ही पहिली शिदोरी. पूर्वी चोरी, लूट किंवा धमकी झाली असेल तर त्या वेळच्या फिर्यादीची नक्कल सर्वांत मोलाची. आपल्या लोकांचे इथेच नुकसान होते. नुकसान सोसतात, पण फिर्याद नोंदवीत नाहीत, आणि मग धोका आहे हे सिद्ध करायला कागद नसतो. याखेरीज वयाचा व पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक प्रकृतीचा डॉक्टरी दाखला, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. प्रशिक्षणाची चौकशी जिल्ह्याच्या रायफल क्लबकडे करावी.

अर्ज गेल्यावर पोलीस ठाण्यातून चौकशी होते. नियमाप्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय करावा. प्रत्यक्षात फाईल टेबलावर बसून राहते, हे सांगायला नको. दर पंधरा दिवसांनी लेखी स्मरणपत्र द्यावे आणि आवक शिक्का घ्यावा. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत; त्याच्या पैशाने काम झाले असे पुढे उघडकीस आले तर परवाना जातो आणि अब्रूही जाते. एखादा खटला चालू असेल तर तो लपवू नका. माहिती दडवून मिळविलेला परवाना कलम १७ खाली केव्हाही रद्द होऊ शकतो.

परवाना मिळाला की त्यावर यूआयएन म्हणजे राष्ट्रीय नोंदीचा क्रमांक आहे ना, परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर चालणारा आहे, काडतुसे किती घेता येतील, आणि शस्त्र किती मुदतीत खरेदी करायचे, या चार गोष्टी तिथल्या तिथे वाचाव्यात. परवाना माणसाच्या नावाचा असतो. "मी हजला जातो, तोवर बंदूक भावाकडे ठेवतो" किंवा "रात्री वॉचमनला देतो" हे चालत नाही. त्या माणसाचे नाव रीतसर परवान्यावर नसेल तर तोही अडकतो आणि तुम्हीही.

कोणते शस्त्र घ्यावे

बहुतेक जण आधी रिव्हॉल्व्हर मागतात. खिशात मावते, सिनेमात दिसते. पण त्याचा परवाना मिळायला सर्वांत कठीण, किंमत सर्वांत जास्त आणि नेम धरायला ते सर्वांत अवघड. आखूड नळीच्या शस्त्राने घाबरलेल्या माणसाचा नेम पाच पावलांवरही चुकतो. परदेशी पिस्तुले तर सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेर गेली आहेत, कारण १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला शस्त्रे आयात करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे पूर्वी देशात आलेला तेवढाच जुना माल हातोहात फिरतो आणि दरवेळी भाव चढतो. झिजलेल्या वेब्लीला लोक लाखो रुपये मोजतात ते मालाच्या गुणामुळे नव्हे, टंचाईमुळे. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा प्रकार रायफलीचा. पॉइंट ३१५ ची देशी रायफल इशापूरच्या कारखान्याची. रायफल चांगली, पण तिची गोळी मोहल्ल्यासाठी नाही. नेम चुकला तर ती विटांची पातळ भिंत भेदून शेजारच्या घरात जाऊ शकते आणि मोकळ्यावर किलोमीटरच्या पुढे जाते. रानात जागा असलेल्या शेतकऱ्याने तिचा विचार करावा. पॉइंट ३०३ आणि नऊ मिलिमीटर ही मापे तर सामान्य नागरिकाला बंदच आहेत. कोणी "कागद बनवून देतो" म्हणाला तर तिथून उठून यावे.

राहिली बारा बोअरची बंदूक, आणि घरासाठी आमची शिफारस तिचीच. नळीच्या आत खाचा नसतात, म्हणून तिला गुळगुळीत नळीची बंदूक म्हणतात. ज्या मापाचे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात ते माप म्हणजे बारा बोअर. नळीचे तोंड सुमारे साडेअठरा मिलिमीटर. कायदाही या बंदुकीकडे थोड्या नरमाईने पाहतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, परवाना द्यावा असे कलम १३ म्हणते. म्हणून पहिला अर्ज तिच्यासाठीच करणे शहाणपणाचे.

तिच्यात तीन जाती. एकनळी सर्वांत स्वस्त, पण एक बार झाला की पुन्हा भरावी लागते. डबल बॅरल, म्हणजे दुनळी, ही आपल्याकडची जुनी विश्वासू जात. मोडून भरायची, दोन काडतुसे, आत काय आहे ते मोडताच दिसते, बिघडण्यासारखे भाग थोडे. तिसरी पंपाची. तिच्यात काडतुसे जास्त मावतात, पण हात बसलेला नसेल तर ऐन वेळी काडतूस अडकते, आणि नळीत काडतूस आहे की नाही हे विसरून अपघात होतात. वर्षातून दोनदासुद्धा क्लबवर न जाणाऱ्या दुकानदाराने दुनळीच घ्यावी.

नवी बंदूक घ्यायची तर सरकारी कारखान्यांचा माल आहे. जुने आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. लहान शस्त्रांचे काम कानपूरच्या कंपनीकडे गेले. खाजगी कारखान्यांत बिहारमधील मुंगेरचे नाव जुने आहे. नवाब मीर कासिमने अठराव्या शतकात राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि तिथे शस्त्रांचा कारखाना घातला, तेव्हापासून ती कारागिरी तिथे रुजली. आज त्याच गावाचे नाव चोरट्या कट्ट्यांसाठी बदनाम झाले, हे त्या हुन्नरी हातांचे दुर्दैव. मुंगेरची परवान्याच्या कारखान्यात बनलेली, क्रमांक कोरलेली बंदूक वेगळी आणि अंधारात विकला जाणारा कट्टा वेगळा. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. बनविणे किंवा विकणे असेल तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिवाय कट्टा हातातच फुटतो. लोखंडाच्या पाण्याच्या पाइपला बंदुकीची नळी म्हणून विकणाऱ्याकडे गिऱ्हाइकाने आपली बोटे गहाण ठेवू नयेत.

जुन्या बंदुकीची पारख

जुनी दुनळी अर्ध्या किमतीत मिळते आणि चांगली असेल तर नव्यापेक्षा सरस निघते. पण कापड पारखतो तशी ती पारखावी. सर्वप्रथम मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री करा, दुकानदार काहीही म्हणो.

मग नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहा. आरशासारखी चकाकी हवी. काळे ठिपके असतील तर तो गंज आहे. थोडा चालतो, खड्डे पडलेले चालत नाहीत. आत कुठे सावलीचे कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली आहे, अशी बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नये. बाहेरून नळीवर बोट फिरवूनही फुगवटा कळतो. त्यानंतर बंदूक बंद करून दस्ता एका हातात, नळ्या दुसऱ्या हातात धरून हलवून पाहा. बिजागरीत खडखड लागली, किंवा नळ्यांच्या मागच्या तोंडाशी फट दिसून उजेड आत येऊ लागला, तर ती झिजली आहे आणि बाराचा धक्का मागे, तुमच्या तोंडाकडे येईल. नळ्या सुट्या करून दोरीने टांगा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर जोड पक्का. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली आहे.

दस्त्याची चीर मानेपाशी पडते, बोटाने मूठ धरतो तिथे. वार्निश मारून ती लपवितात. सुतारकाम करणाऱ्या ओळखीच्या कारागिराला बरोबर न्यावे, त्याची नजर अशा ठिकाणी उपयोगी पडते. चाप फार हलका असेल तर धोका, फार जड असेल तर नेम हलतो. सेफ्टी लावून, नकली काडतूस घालून चाप ओढून पाहा. घोडा पडला तर सौदा थांबवा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नळीखाली कोरलेली असते. तिथे प्रूफ झाल्याची खूण आणि काडतुसाच्या घराची लांबी असते. जुन्या विलायती बंदुकांत ही लांबी अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. बसते म्हणून चालते असे समजू नका. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वेलबुट्टी दिसली तर ती दमास्कस नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली असते. भिंतीवर शोभते, आजच्या काडतुसासाठी नाही.

शेवटी बंदुकीवरचा क्रमांक आणि विकणाऱ्याच्या कागदावरचा क्रमांक एक एक अंक लावून ताडून पाहा. एक आकडा खोडलेला असेल तर परत फिरा. नळी लांब वाटली म्हणून ती कापून घेण्याचा सल्ला कोणी देईल; तसे करणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला बेकायदा शस्त्र बनविण्याइतकीच शिक्षा आहे. घराचा बोळ अरुंद असेल तर पहिल्यापासून २६ किंवा २८ इंची नळीची बंदूक शोधावी, ३२ इंची नको. बंदूक घेतल्यावर ती परवाना कार्यालयात किंवा ठाण्यात दाखवून नोंद करून घ्यावी.

काडतुसे आपल्या पुण्याच्या खडकीची मिळतात. 'शक्तिमान' नावाची पुडकी शिकाऱ्यांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहेत. एल.जी. आणि एस.जी. म्हणजे मोठे छर्रे, बी.बी. त्याहून लहान, पुढे चार, सहा, आठ नंबर अधिकाधिक बारीक. दाट वस्तीत मोठ्या छर्ऱ्यांचा मोह धरू नये. तेही पातळ भिंत आणि दार भेदतात. "छऱ्याची बंदूक आहे, कशीही उडवली तरी लागते" ही समजूत खोटी आहे. दहा-बारा फुटांवर छर्रे मुठीएवढ्या गोळक्यात जातात. नेम धरावाच लागतो, आणि दस्ता खांद्याला घट्ट लावला नाही तर खांदा निळा होतो. रिकामी काडतुसे फेकू नका, हिशेब मागितला जातो.

घरात आणल्यावर

बंदूक आणण्याआधी घरात कोण कोण आहे ते पाहा. लहान मुले आहेत काय? रागाचा तापट तरुण मुलगा आहे काय? कर्जाने, आजाराने, घरगुती भांडणाने कोणी खचलेले आहे काय? यांपैकी एकालाही उत्तर 'होय' असेल तर खरेदी पुढे ढकला. चोर वर्षानुवर्षे येणार नाही. घरातला माणूस मात्र रोज घरात असतो. बंदूक लोखंडी कपाटात, रिकामी, कुलूपबंद. काडतुसे दुसऱ्या कुलुपात. किल्ली मालकाच्या कमरेला, कुराणशरीफ ठेवतो त्या फळीवर किंवा दाराच्या चौकटीवर नव्हे, कारण घरातल्या प्रत्येक मुलाला ती जागा ठाऊक असते.

लग्नाच्या वरातीत बार काढण्याची हौस काही भागांत अजून आहे. २०१९ पासून त्यासाठी स्वतंत्र कलम आहे : निष्काळजीपणे आनंदाचा गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळा.

आता वापराचे. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी तो दंड संहितेत होता. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क मोजक्याच प्रसंगी मिळतो : लुटमार, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा अशी चोरी वा घुसखोरी की जिच्यात मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती आहे. त्यातही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क उरत नाही. गल्ल्यातून नोटा उचलून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घालणारा दुकानदार पिंजऱ्यात आरोपी म्हणून उभा राहतो. तो पळत होता, एवढे एकच वाक्य सरकारी वकिलाला पुरते.

निवडणुकीच्या किंवा तंग वातावरणाच्या काळात शस्त्र जमा करण्याचा हुकूम येतो. वाद न घालता जमा करावे, पण पावतीवर क्रमांक, नळीची आणि दस्त्याची स्थिती लिहून घ्यावी. गोदामात सहा महिने पडलेली बंदूक गंजून परत आली तर दाद मागायला तेवढाच आधार. मुदत संपली की स्वतःहून परत मागावी, कोणी घरी आणून देत नाही.

ज्यांच्या घरी वडिलांची बंदूक आधीच आहे त्यांना नवी शोधण्याची गरज नाही. परवानाधारक वारल्यावर वारसाला अर्ज करता येतो. हयातीतही त्याचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्यापाशी २५ वर्षे राहिले, तर ते वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. वालिदांच्या इंतकालानंतर बंदूक तशीच कपाटात राहू दिली तर ती त्या दिवसापासून विनापरवाना ठरते. ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग सावकाश अर्ज करावा. एका परवानाधारकाला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, २०१९ नंतर दोनच; म्हणून जुन्या घराण्यांनी वाटणी करताना हा आकडा धरूनच बोलावे.

परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षे आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा असतो. दुकानाच्या वहीत जिथे जीएसटीच्या तारखा लिहिता, तिथेच ही तारीख लिहून ठेवा, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा नळ्यांना तेलाचा बोळा फिरवा.